घरच्या भाताची मूठ

भातावर रोग पडला की शेतकरी आधी देवाकडे जातो, मग वरच्या शेतवाल्याशी भांडतो आणि सर्वांत शेवटी सरकारी माणसाला बोलावतो. तोपर्यंत सरकारी माणसाला करण्यासारखे एकच काम उरलेले असते. किती गेले, ते मोजायचे. म्हैसूर संस्थानच्या नोकरीत मी मुख्यतः हेच काम केले.

त्याआधी दोन वर्षे म्हैसुरातल्या एका साप्ताहिकात पाऊसपाण्याच्या आणि बाजाराच्या बातम्या लिहीत होतो. तिथल्या संपादकांचा नियम होता : दिसले ते लिहा, वाटले ते लिहू नका. नोकरीत हा नियम फार उपयोगी पडला. माझ्या मोजणीत कधी चूक निघाली नाही. पुढे जी हकीकत दिली आहे, तिच्यातही मोजणी बरोबरच होती.

या कामात माणसे तऱ्हेतऱ्हेची भेटतात. एका जमीनदाराने जळलेली पाने कुंकू लावून टपालाने पाठवली आणि लिहिले की, रोगाचे नाव कळवावे, म्हणजे त्या नावाने शांत करता येईल. नाव कळवले. लॅटिन नाव, कानडी लिपीत. शांत यथासांग झाल्याचे पुढे कळले; भटजींना उच्चार जमला नाही म्हणून गुण आला नाही, अशी तक्रारही आली. दुसरे एक सुपारीवाले. मोरचूद आणि चुन्याचे पाणी झाडावर फवारा म्हटले तर विचारू लागले की, सुपारी निळी झाली तर विड्यात कोण घालील? सुपारी निळी होत नाही हे पटवायला त्यांच्यासमोर फवारलेली सुपारी खाऊन दाखवावी लागली. अर्थात धुऊन.

भाताचे तसे नव्हते. भातावर फवारून भागण्यासारखे औषध त्या दिवसांत आमच्याकडे नव्हते.

महाराष्ट्रात ज्याला करपा म्हणतात, त्याला म्हैसूरकडे बेंकी रोग म्हणतात. कानडीत बेंकी म्हणजे आग. नाव दिसण्यावरून पडले आहे. पानावर प्रथम डोळ्याच्या आकाराचे ठिपके येतात, मध्ये राखेसारखे, कडेला तपकिरी. ठिपके एकमेकांना मिळतात आणि लांबून शेत होरपळल्यासारखे दिसते. ओंबी बाहेर पडत असताना रोग मानेशी बसला, तर ओंबी पांढरी पडून लटकते आणि आत दाणा भरत नाही. प्रत्यक्षात आगीचा इथे काही संबंध नाही. ही एक बुरशी आहे आणि तिला गारवा आवडतो. धुके, दव, ढगाळ दिवस, शेणखत भरपूर. शेत जितके हिरवेगार, तितके लवकर जाते. चांगली मशागत करणाऱ्याचे आधी जाते, हे गावात समजावून सांगणे सर्वांत कठीण.

औषध नव्हते तेव्हा उपाय एकच होता. जळालेल्या शेतात एखादे रोप उभे राहिलेले सापडते. बहुतेक वेळा ते नशिबाने वाचलेले असते. क्वचित ते जातीने वाचलेले असते. त्याचे दाणे घ्यायचे, दुसऱ्या वर्षी मुद्दाम रोगट भाताच्या मधोमध लावायचे, भरपूर खत घालून रोगाला आमंत्रण द्यायचे आणि पाहायचे. शंभर रोपांचे वंश असे लावले तर नव्व्याण्णव फेकावे लागतात. नवी जात काढणे म्हणजे काही घडवणे असते, असे बाहेरच्यांना वाटते. आमच्या कामात ते बहुतांशी फेकणेच होते.

हेग्गडदेवनकोटे, ज्याला आता सगळे एच. डी. कोटे म्हणतात, त्या तालुक्यात रानाला लागून एक गाव आहे. नाव देत नाही. त्यातली माणसे अजून आहेत. गावाला एक तलाव, तलावाखाली भाताची जमीन आणि भाद्रपदापासून सकाळी उशिरापर्यंत धुके. बेंकीला याहून चांगली जागा नाही. एका दसऱ्याच्या आधी तिथे मोजणीला गेलो, तेव्हा तलावाखालचे निम्मे शेत तांबडे झाले होते. बांधावर बसून आकडे लिहीत असताना मागून एक बाई म्हणाली,

“बुद्धी, मेलेली काय मोजता? इकडे एक जिवंत आहे, ते मोजा की.”

जुन्या म्हैसूरच्या खेड्यांत सरकारी माणसाला किंवा मालकाला ‘बुद्धी’ म्हणतात. ती अर्थात कानडीत बोलत होती. इथे मराठीत देत आहे. नाव होन्नम्मा. चाळिशीची विधवा, तलावाखाली स्वतःचा लहानसा तुकडा. तिने दाखवले ते रोप तिच्या शेताच्या मध्यावर होते. चारी बाजूंची रोपे जळालेली आणि हे हिरवे, ओंब्या दाण्यांनी वाकलेल्या. त्याला तिने लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली होती.

“कापणीपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका,” मी म्हटले.

“हात? गेल्या बुधवारपासून राखण करते आहे. म्हशीलासुद्धा सांगून ठेवलंय.”

होन्नम्माबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. त्या गावात लावणीच्या दिवशी पहिले रोप तिच्या हातचे लागत असे. मराठीत आपण हातगुण म्हणतो, तोच शब्द कानडीत कैगुण. तिच्या हाताला तो आहे असे गाव मानत होते. गावच्या पाटलाला तिकडे पटेल म्हणतात; त्या पटेलांच्या शेतातसुद्धा, पटेलीण स्वतः उभी असताना, पहिले रोप होन्नम्माचे. मग बाकीच्या बायका वाकायच्या. विधवा बाईला शुभ कामात पुढे करणारे गाव त्या भागात दुसरे पाहिले नाही. तिला मिळायचे एक पानसुपारी आणि सूपभर भात. मान मात्र मोठा होता.

त्या एका रोपाचे दाणे म्हैसूरच्या प्रयोगशेतावर आणले. दुसऱ्या वर्षी रोगट भाताच्या मधोमध लावले. शेजारच्या ओळी बसल्या. ही ओळ उभी राहिली. रोप उंचीला बेताचे, बुडाशी स्वच्छ हिरवे. त्या गावच्या नेहमीच्या भाताचे बूड जांभळे असते, म्हणून हा फरक वहीत टिपला होता. आमचे साहेब शब्द जपून वापरणारे. ते ओळीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “हे पुढे जाईल असं दिसतं.” त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कधी ऐकली नाही.

तिसऱ्या वर्षी खरी परीक्षा. प्रयोगशेतावरचा रोग आम्ही आणलेला असतो. गावातला आपण होऊन येतो. जिथे रोप सापडले तिथेच लावून पाहायचे ठरले. जवळ बी होते एक शेर. अर्धा शेर होन्नम्माला दिले, अर्धा म्हैसुरात ठेवले. सूचना मी स्वतः कानडीत लिहून नेल्या आणि वाचून दाखवल्या. मडके वेगळे ठेवायचे. वाफा वेगळा करायचा. रोप एकेकच लावायचे, चार-चार नाही. दुसऱ्याचे बी यात मिसळू द्यायचे नाही.

होन्नम्माने प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवली. शेवटचीवर ती म्हणाली, “दुसऱ्याचं कशाला मिसळू देईन? सख्ख्या बहिणीलाही दाणा देणार नाही.” ते तिने पाळले. बहीण त्या वर्षी तिच्याशी बोलत नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला रोग आला. म्हैसुरात बन्नीमंटपावर दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी मैदान झाडत होते, त्या दिवशी मी गावात होतो. होन्नम्माच्या तुकड्यात नव्या भाताच्या ओळी उभ्या होत्या, पण पूर्ण नाही. मधूनमधून रोपे जळालेली. ओळ धरून मोजत गेलो. आठांत एक. पुन्हा मोजले. आठांत एक.

फॉर्मवर दोन रकाने होते : उभी, जळालेली. दोन्ही भरले.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जात खरी असेल तर सगळी रोपे सारखी वागतात. काही उभी, काही जळालेली असे झाले, तर वंश शुद्ध नाही, तो फुटतो आहे, असा अर्थ होतो. असे बी लोकांना दिले तर दर वर्षी जास्त जळणार. साहेबांनी आकडे पाहिले, दोनदा मोजले का विचारले आणि शेरा लिहिला. नापास. त्यांच्यापुढे जे होते, त्यावरून दुसरा शेरा शक्य नव्हता.

होन्नम्माला मीच सांगितले.

“हे बी ठेवू नका. पुढच्या वर्षी पेरायचं नाही. कांडून खा.”

“खायचं? दाणा बघा तरी, बुद्धी. किती भरलाय.”

“बी म्हणून उपयोग नाही.”

“माझं जुनं भात सगळं गेलं. यातलं आठातलं सात राहिलं. मला पुरे आहे की.”

“साहेबांचा हुकूम आहे. फुटकं बी गावात राहता कामा नये.”

तिने ते कांडले. म्हैसुरातला अर्धा शेर नापास मालाबरोबर बैलांच्या खाद्यात गेला. त्या वर्षी नापास झालेल्या आणखी चाळीसेक वंशांबरोबर हाही एक. याबद्दल त्या वेळी काही वाटले नाही.

पुढच्या ज्येष्ठात त्याच गावी दुसरे एक बी घेऊन गेलो. या खेपेला पटेलांच्या शेतात लावायचे होते. पटेलांच्या अंगणात भिजत घालायचे मडके मांडले होते. लावणीच्या पंधराएक बायका जमल्या होत्या आणि हातगुणाची म्हणून होन्नम्मा पुढे होती. तिने आमचे बी मडक्यात ओतले. पटेलीण सुपात थोडे भात घेऊन आली. होन्नम्माने त्यातली एक मूठ भरली, कपाळाला लावली आणि मडक्यात सोडली.

“हे काय?” मी विचारले.

पटेल हसले. ते मला ‘रायरे’, म्हणजे रावसाहेब, म्हणत. “घरचं भात, रायरे. नवं बी घरात आलं की घरची एक मूठ टाकायची. नाहीतर जुनी लक्ष्मी रुसते. नवी सून आणल्यावर पहिल्या दिवशी तिला एकटीला बसवतो का आपण?”

मी होन्नम्माकडे वळलो. “मागच्या वर्षी आमच्या अर्ध्या शेरातही टाकली होती?”

“टाकली की. न टाकून कसं चालेल?”

“दुसऱ्याचं बी मिसळायचं नाही, असं वाचून दाखवलं होतं.”

“दुसऱ्याचं कुठे?” ती खरोखर गोंधळली होती. “माझ्या घरचंच होतं, बुद्धी.”

मूठभर भात अर्ध्या शेरात पडले तर प्रमाण किती होते, हे मी तिथेच शेराचे माप मागवून काढले. आठांत एक. जळाली होती ती तिच्या जुन्या भाताची रोपे. नव्या वंशाचे एकही जळाले नव्हते. तीन वर्षांत हाती आलेली, पूर्ण खरी उतरलेली ती एकच जात होती.

जळालेल्या रोपांतले एक जरी उपटून पाहिले असते, तर हे त्याच दिवशी कळले असते. बूड जांभळे निघाले असते. बूड चिखलात असते, हात कोपरापर्यंत घालावा लागतो. फॉर्मवर बुडासाठी रकाना नव्हता.

पण पटेलांच्या अंगणात मी हे सांगितले नाही. सांगितले ते दुसरेच. इतके जण एका जागी ऐकायला क्वचित मिळतात. मूठ, माप, आठांत एक, जांभळे बूड आणि हिरवे बूड, सगळे क्रमाने समजावून दिले. बायकांनाही समजले, इतके सोपे केले. शेवटी म्हणालो, “ती एक मूठ पडली नसती, तर या गावाला बेंकीचं भय उरलं नसतं.”

वाक्य खरे होते. साप्ताहिकात असतो तर छापायला दिले असते. त्यात कर्ता नव्हता. कर्ता गावाने घातला.

म्हैसुरात परतल्यावर चामराजपुरमच्या आमच्या घरी आईला ही हकीकत सांगितली. आमचे घराणे संस्थानच्या जुन्या घोडदळातले. घरात मराठी, पण चार वाक्यांत दोन कानडी शब्द असायचेच. आई तांदूळ निवडत होती. तिने सूपही खाली ठेवले नाही.

“अय्यो, मग त्यात काय नवल? मी नाही का नव्या पोत्यात जुन्या तांदळाची मूठ टाकत? तू रोज तोच भात खातोस, अल्लवा?”

“कधीपासून?”

“माझ्या सासूबाई टाकायच्या. त्यांच्या सासूबाई टाकायच्या. तू विचारलं नाहीस, मी सुम्मने, गुपचूप टाकत राहिले.”

साहेबांना सर्व लिहून कळवले, माझी चूक धरून. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “बी कुठे आहे?” असते तर त्याच दिवशी पुन्हा लावायला निघाले असते. होन्नम्माच्या घरी जाऊन मडक्याचे तळ, उखळाची कड, खळ्याच्या भेगा पाहिल्या. ओंजळही भरली नाही इतके दाणे निघाले. कुंडीत लावले. जे उगवले त्याचे बूड जांभळे.

त्या वर्षी धुके लवकर आले आणि बेंकी सगळीकडे गेली. पटेलांच्या शेतात आमचे ते दुसरे बीही टिकले नाही. काही घरांनी मुले-बाळे घेऊन कोडगूकडच्या कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला जायचे ठरवले. गाव सोडणाऱ्यांना कुठले तरी कारण लागते. कारण त्यांना ज्येष्ठातच दिलेले होते.

पुढच्या लावणीला गेलो, तेव्हा पटेलांच्या शेतात पहिले रोप दुसरीच एक बाई लावत होती. होन्नम्मा ओळीत नव्हती. कुठे आहे विचारले तर एक म्हातारी वाकल्या वाकल्याच म्हणाली, “सरकारचं बी खाल्लेला हात आहे तो. आमच्या शेतात कशाला?”

“खायला मीच सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“सांगाल की. मूठ कुणी टाकली, तेही तुम्हीच सांगितलंत.” बायका हसल्या.

त्या भागात लावणी उसनवारीने होते. आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या. जिचा हात इतरांच्या शेतात चालत नाही, तिच्या शेतात इतरांचे हात येत नाहीत. होन्नम्माच्या वाफ्यातली रोपे लावणीची वेळ उलटून उंच झाली होती.

पटेलांना गाठले. त्यांच्या ओट्यावर, चारजणांसमोर सांगितले की चूक बाईची नाही, माझी आहे. रोप उपटून बूड पाहायला हवे होते, पाहिले नाही. पाहिले असते तर मूठ पडूनही काही बिघडले नसते. जांभळी काढून टाकली असती आणि हिरवी राहिली असती. शिवाय मूठ तर गावात सगळेच टाकतात.

पटेल ऐकून घेत होते. मग पानाला चुना लावत म्हणाले, “रायरे, तुम्ही मोठ्या मनाचे. गरीब बाईसाठी स्वतःवर घेताय.”

“घेत नाही. झालं ते सांगतो आहे.”

“मागच्या ज्येष्ठात सांगितलंत, तेही झालेलंच होतं ना?”

“होतं.”

“मग आता ते खोटं झालं का?”

“खोटं नाही. अर्धं होतं.”

“हां,” पटेल म्हणाले आणि पान तोंडात घातले. “अर्धं आम्ही तेव्हाच ऐकलं. आता पिकं गेल्यावर उरलेलं अर्धं कोण ऐकतो, रायरे?”

एकजण म्हणाला, “साहेबानं लिहून दिलं तर?” पटेल म्हणाले, “कागद वाचून पाऊस पडतो का रे?” विषय तिथे संपला.

होन्नम्मा आपल्या तुकड्यात एकटीच लावत होती. जे पंधराजणींचे सकाळचे काम, ते तिला चार दिवस पुरणार होते आणि रोपे चार दिवस थांबण्याजोगी राहिली नव्हती. मी बांधावरून तिलाही तेच सांगितले. चूक माझी आहे. रोप उपटून पाहायला हवे होते.

ती उभी राहिली. कंबर सरळ करायला तिला वेळ लागला.

“मूठ पडली म्हणून ते रोप तुम्ही टाकलंत. हे खरं ना, बुद्धी?”

“मी जर पाहिलं असतं तर...”

“ते राहू द्या. मुठीमुळे झालं, एवढं खरं ना?”

काय उत्तर द्यायला हवे होते, ते नंतर पुष्कळ वेळा सुचले आहे. त्या वेळी मी म्हणालो, “खरं.”

“मग गाव काय चुकीचं बोलत नाही.”

ती पुन्हा वाकली. ओळ नागमोडी जात होती, रोपे कमीजास्त खोल बसत होती. ज्या बाईच्या ओळी गावात दोरी धरल्यासारख्या मानल्या जात, तिच्या हातून असे का होते आहे, म्हणून नीट पाहिले. ती डाव्या हाताने लावत होती.

“उजव्या हाताला काही लागलं आहे का?” मी विचारले.

“लागलं कुठे?” होन्नम्मा मान वर न करता म्हणाली. “तो आता जेवायपुरता ठेवलाय.”